दोन हातांनी उचलायचे नाणे

मित्रांनो, मी स्वीडनच्या टांकसाळीतले एक जुने नाणे आहे. खिशात मावेन असे समजू नका. मी म्हणजे तांब्याची चौकोनी पाटी. चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी शिक्के, आणि वजन नुकत्याच जन्मलेल्या बाळाइतके! आमच्याकडे चांदी तुटपुंजी, तांबे मात्र उदंड. एकदा एका चोराने मला पळवले, पण चढ लागताच घाम पुसत वाटेतच टाकून दिले.

पुढे मी मोर्टेन नावाच्या खलाशाला पगारात मिळाले. त्याने मला चामडी पट्ट्याने पाठीला बांधून घरी आणले. त्याची बायको ब्रिटा तेव्हा पोटुशी होती.

"थंडी पडायच्या आत गाय घे," पुन्हा सफरीवर निघताना तो म्हणाला.

"तुम्ही परत या. दोघं मिळून निवडू."

त्याचे जहाज परत आलेच नाही. मालिन जन्मली, बर्फ पडू लागले. ब्रिटा रोज मला चुलीपाशी तापवी, लोकरीत गुंडाळी आणि अंथरुणात नवऱ्याच्या जागी ठेवी. पहाटेपर्यंत मी गार होत असे. मग ती रडे. मला फार वाईट वाटे, पण माझ्या हाती काय होते?

तिचे दूध आटले. पोर दिवसभर रडू लागली, तेव्हा शेजारीण इंगेबोर्ग कडाडली, "अगं वेडे, तांब्याला पान्हा फुटतो का? घे की गाय!"

"हे दिलं तर त्यांचं काय उरलं माझ्यापाशी?"

"पोर उरेल ना!"

दुसऱ्या दिवशी ब्रिटाने त्याच पट्ट्याने मला पाठीवर घेतले, पोरीला छातीशी धरले आणि गोठलेले तळे ओलांडून पेर नावाच्या शेतकऱ्याचे घर गाठले. गाय तिच्यासोबत गेली. मी मागे राहिले... नाही, मला ठेवले गेले. तिने वळून पाहिले नाही.

पेरने मला खारवलेल्या माशांच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवले. तिथे मी कित्येक वर्षे एकटेच हिरवे पडत गेले.

एके दिवशी मासे घ्यायला लाल गालांची एक मुलगी आईबरोबर आली. मला एका हाताने उचलू लागली.

"आई गं, केवढं जड!"

"दोन्ही हात लाव, मालिन. तुझ्या बाबांच्या पाठीवरून आलंय ते."

मालिनने मला छातीशी धरले. ब्रिटाने माझ्यावर तळहात ठेवला. मी गारच होते.

मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू जरूर जपा. पण घरात कोणी भुकेले असेल, तर ती खुशाल देऊन टाका. फक्त देताना दोन्ही हातांनी द्या.