सुई बुडवणारी माणसं

डॉ. विशाखा ओव्हाळ पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक आरोग्य शिकवायची. मुळशीतल्या बौद्धवस्तीतून शिकून तिथवर पोचलेली ती पहिलीच. १९८२ साली तिच्या विभागाने मुळशीत क्षयरोग्यांचा अभ्यास काढला. सरकारी सुई फुकट मिळते, तरी माणसं ती मध्येच का सोडतात, एवढाच प्रश्न होता.

उत्तर तिला भुकूमच्या पुढच्या एका गावात मिळालं, तेही सख्ख्या मावशीकडून. चांगुणामावशीने महिन्याभरातच सुई सोडली होती. खोकून खोकून तिच्या बरगड्या वर आल्या होत्या.

"नर्सबाई बसतीया जयसिंग पाटलाच्या ओट्यावर," मावशी म्हणाली. "आमी अंगणात पावसात हुबं ऱ्हायाचं. समद्या गावाचं झालं की मंग आमाला हाक. तवर दुपार हुती. लावणीच्या दिसांत आर्ध्या दिसाला कोन कामावर घेतंय गं?"

वस्तीत घरोघरी हेच निघालं. गावठाणातले रोगी मात्र सुई बुडवत नव्हते. विशाखाने अहवालात तसं स्पष्ट लिहिलं आणि नर्सबाईंना शाळेत बसवा, असंही सुचवलं.

विभागप्रमुखांनी तो भाग काढून टाकला. "हे वैद्यक नव्हे बाई, राजकारण झालं. 'अज्ञान आणि बेफिकिरी' असं लिहा."

"सर, अज्ञान कसलं? सुई का घ्यायची, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक आहे."

"तुम्ही पडलात तिथल्याच. तुम्हाला तटस्थ राहता यायचं नाही."

हे तिला फार झोंबलं. सर एकदाच गावात गेले होते आणि जयसिंग पाटलाच्याच ओट्यावर चहा पिऊन परतले होते. त्यांचा तटस्थपणा कुणी तपासला नव्हता!

बदललेल्या अहवालाचा निबंध झाला, त्यावर तिने आपलं नाव घालू दिलं नाही. निबंध तिच्यावाचून छापून आला. पुढे बढतीही तिच्या हाताखालच्या माणसाला मिळाली.

निदान नर्सबाईंची जागा तरी बदला, म्हणून ती आरोग्य खात्यातल्या एका साहेबांना भेटली. साहेबांनी तोच निबंध पुढे सरकवला. "लोक अडाणी आहेत, असं तुमच्याच विभागाने लिहिलंय. आम्ही भित्तिपत्रकं पाठवतोय."

भित्तिपत्रकं खरंच आली. 'सुई चुकवू नका', असं वस्तीतल्या भिंतींवर लागलं. तोवर मावशीच्या शेजारचा भैरू गेला होता.

मग विशाखा रविवारी आणि आठवड्यात एक रजा टाकून एसटीने जाऊ लागली. वस्तीतल्या रोग्यांना स्वतः सुई टोचायची. मावशीच्या अंगावर मांस चढलं, ती पुन्हा भाकऱ्या थापू लागली.

"आमचं भागलं," मावशी एकदा म्हणाली. "पर पल्याडच्या गावातल्या आपल्या मानसांनी काय करायचं?"

"बघते मी," विशाखा म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याचा तिला संताप आला. एका वस्तीला सुया टोचायला का ती एवढं शिकली होती?

त्याच आठवड्यात सरांनी तिला तो निबंध वर्गात शिकवायला सांगितला. तिने शिकवला. मग सरांनी काढून टाकलेला भागही तोंडी सांगितला, ओट्यासकट आणि पावसासकट.

"मॅडम," मागून एकाने विचारलं, "परीक्षेत यातलं कुठलं कारण लिहायचं?"

विशाखाने खडू खाली ठेवला.

"पेपर सर तपासतात," ती म्हणाली. "छापलेलंच लिहा." आणि तिने तास तिथेच सोडला.