वेदिका पुढे होती तेव्हा

शेखरच्या हातात माईक आला की खरं काय नि खोटं काय, हा भेद त्याच्यापुरता मिटायचा. सातपूरच्या कारखान्यात तो दिवसभर मुकाट्याने लेथ चालवायचा आणि त्याची सगळी भरपाई दिंडोरीजवळच्या आपल्या गावात करायचा. साखरपुडा असो की सत्कार, सूत्रसंचालन त्याचंच. कुणी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून चिकटला तरी शेखर त्याला 'गावाचा कोहिनूर' करून सोडायचा. त्यामुळे गोटीरामआबांची नात वेदिका भारताच्या संघातून आशियाई कुमार जलतरण स्पर्धेला गेली, तेव्हा तिच्या सत्काराचा माईक कुणाकडे, हे कुणाला विचारावंच लागलं नाही.

आता सत्कार कशाचा, ते सांगायला हवं. वेदिकाची शर्यत परदेशात आणि गाव ती बघत होतं मारुतीच्या सभामंडपात, पडदा लावून. दोनशे मीटर, म्हणजे तलावाच्या चार फेऱ्या. उड्या पडल्या आणि पहिल्या फेरीला आपली पोरगी चक्क सगळ्यांच्या पुढे! शेखरने ओरडून ओरडून नरडं बसवून घेतलं. तेवढ्यात मागून आरोळी आली, "थ्री फेज आली रे!" झालं! शेतीची वीज आली की या गावातला माणूस भरल्या ताटावरून उठतो, इथे तर नुसती शर्यत होती. सगळे बाप्ये मोटरी चालू करायला आपापल्या द्राक्षबागांकडे पळाले. सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं आणि पडदा काळा झाला.

शेवटचं काय दिसलं होतं? वेदिका पुढे. मग निकाल आणखी कुणाला विचारायचा? संध्याकाळी फटाके वाजले, दुसऱ्या दिवशी चौकात भलामोठा फ्लेक्स लागला: 'आशिया खंडात प्रथम'. फोनवर वेदिका आजीला, गोजराबाईंना, फक्त "आल्यावर बोलू" एवढंच म्हणाली. पोरीला कसा गर्व म्हणून नाही, असं म्हणत गोजराबाईंनी पदराने डोळे पुसले.

सत्काराच्या संध्याकाळी वेदिका गावात उतरली ती थेट फ्लेक्ससमोर. तिथून ती तडक स्टेजच्या मागे आली आणि तिने शेखरला गाठलं.

"काका, मी आठवी आले."

"आशियात आठवी? अगं, मग काय वाईट..."

"आशियात नाही. माझ्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीतल्या शर्यतीत. आठजणींत आठवी. पहिल्याच फेरीत सगळा दम घालवला, मग हात उचलेनात."

आता गावाला माईकवरून सांगायचं काय, हे शेखरला कळेना. बाहेर ढोल वाजत होता.

"तुम्ही माईकवर पहिली म्हणालात तर मी उठून जाईन," वेदिका म्हणाली. "तसंही मी आता पोहणार नाहीये. देशाच्या संघात घेतलं आणि मी सगळ्यांचं नाक कापलं." सोळा वर्षांच्या पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. शेखरला तिची इतकी दया आली की स्वतःची भीती तो घटकाभर विसरला.

शाल झाली, नारळ झाला. शेखर उभा राहिला. भाषणाची सुरुवात त्याने 'भारतीय जलतरण संघाचा गौरवशाली इतिहास' अशी ठरवली होती, पण त्यातला गौरव फुगवायची आज सोय नव्हती. आणि निव्वळ खरं बोलायचं तर सुरुवात कुठून करतात, तेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मंडळी, पहिले आशियाई खेळ दिल्लीला झाले, तेव्हा आपल्या पोहणाऱ्यांनी सोनं जिंकलं!" टाळ्या पडल्या. "मग बरीच वर्षं... काही नाही. ऐंशीच्या दशकात एक रौप्य."

"मंग?" पुढच्या खुर्चीवरून गोटीरामआबांनी विचारलं.

"मग पुन्हा दुष्काळ, आबा. पुष्कळ वर्षांनी कांस्य आलं."

"आन् ऑलिंपिकात?" कलाबाईंनी बायकांतून विचारलं.

"एकही नाही, काकू. बहुतेक जण प्राथमिक फेरीतूनच घरी."

"तरी दर टायमाला संघ जातो?" आबा.

"जातो."

"हारून बी?"

"हारून बी, आबा."

"लय चिवट हायेत की मंग!" आबा म्हणाले आणि त्यांनी एकट्यानेच टाळी वाजवली. मग सगळा मंडप वाजवू लागला. सोन्याला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या प्राथमिक फेरीत बाद होणाऱ्यांना पडल्या.

"आणि या वर्षी..." शेखर म्हणाला आणि अडकला. 'प्रथम' हा शब्द सवयीने जिभेवर येऊन बसला होता. त्याने वेदिकाकडे पाहिलं. ती उठली. आता ही निघून जाणार, असंच त्याला वाटलं. पण ती सरळ त्याच्याकडे आली आणि तिने माईक काढून घेतला.

"या वर्षी दोनशे मीटरला वेदिका, हीटमध्ये आठवी," ती म्हणाली. "शेवटून पहिली. तो फ्लेक्स चुकीचा आहे."

गोजराबाईंचा हात तोंडावर गेला. आबा ताडकन उठले. "म्या डोळ्यांनी पाह्यलं, तू पुढं व्हती!"

"होते आबा. एकच फेरी."

आबांनी गर्रकन वळून गावाकडे पाहिलं. "ऐकलं का? आपण बघत व्हतो तवर पोरगी पुढं व्हती! मोटरींकडं पळाले कोण?" बाप्ये माना खाली घालून बसले. "तुम्हीच की पहिले!" गोजराबाई म्हणाल्या आणि सगळा मंडप खो खो हसत सुटला. वेदिकालाही हसू आवरेना. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

हसणं ओसरल्यावर आबा खालच्या आवाजात म्हणाले, "मंग आता काय, बाळा?"

वेदिकाने माईक तोंडाजवळ धरला. "आता सातवी यायचं," ती म्हणाली.

शेखरकडे माईक नव्हता, पण त्याची आरोळी चौकापर्यंत ऐकू गेली. "मंडळी, सातव्या नंबरासाठी जोरदार टाळ्या!"