टिन लंचची सात इंची तबकडी

‘‘झालं का रे? की एखादी भिंत पाडायची राहिलीय अजून?’’

मित्रांनो, माणसाचं साधं बोलणं म्हणून माझ्या कानावर पडलं ते हे पहिलं. अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एका गॅरेजात गाणी ध्वनिमुद्रित करणारा एक म्हातारा होता. चौथं गाणं संपल्यावर त्याने हे विचारलं आणि यंत्र बंद करायला तो विसरला. त्याचं ते करवादणं माझ्या अंगावर कायमचं कोरलं गेलं.

मी एक जुनी तबकडी आहे. सात इंचांची, काळी, मधोमध मोठं भोक असलेली. माझ्यात चार गाणी आहेत आणि चारही मिळून साडेपाच मिनिटांत आटपतात. हार्डकोर पंक म्हणतात त्या जातीची ही गाणी. गाणारा घसा फोडून गातो, वाजवणारे पाठीमागे वाघ लागल्यासारखे वाजवतात, आणि ऐकणाऱ्याला काही कळायच्या आत गाणं संपलेलं असतं. माझ्या बँडचं नाव टिन लंच. तुम्ही ते ऐकलं नसेल. ऐकलं असतं तर मलाच नवल वाटलं असतं.

माझ्यासारख्या तीनशे जणी एकाच दिवशी जन्मल्या. आमच्यासाठी नवा माल परवडणारा नव्हता. कारखान्याने जुन्या, न खपलेल्या तबकड्या भरडल्या, तो भरडा तापवून लगदा केला, आणि दोन साच्यांमध्ये दाबून आम्हाला काढलं. त्या भरड्यात काय काय होतं कोण जाणे. कुण्या लग्नातल्या पोल्का नाचाचं संगीत असेल, नाताळचं गीत असेल, एखाद्या पुढाऱ्याचं भाषणही असेल. अजूनही सुई टेकली की मला वाटतं, माझ्यातलं नेमकं कोण गातंय?

माझं घर यंग्सटाउनमध्ये, एमिल हुडाक यांच्याकडे. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडून तेव्हा सहा वर्षं झाली होती. बापांचे जेवणाचे पत्र्याचे डबे घरोघर फळीवर पालथे पडले होते. पोरांनी बँडला नाव दिलं ते त्या डब्यांवरून. एमिलची नोकरी गेली, तरी शनिवारचं काम टिकलं. स्लोव्हाक मंडळींच्या हॉलमध्ये लग्न असलं की पोल्काला ड्रम वाजवायला तेच असायचे. ड्रमचा संच घराच्या तळघरात होता. तिथे त्यांनी मुलाला, क्लेमला, शिकवायला घेतलं; टिन लंचचा ड्रमवाला तोच. तीन वर्षांनी धाकटी बर्नी जिन्याच्या पायरीवर बसून मांडीवर बोटं वाजवायची. तिला कुणी शिकवलं नाही, कुणी उठवलंही नाही. बाप-लेक बाहेर गेले की ती पायरीवरून उठायची आणि संचापाशी जाऊन बसायची.

आता चूक कशी झाली ते सांगते. अशी चूक ही पोरंच करू जाणोत. बँडचा गायक व्हिन्स. त्याची मावशी चर्चच्या कचेरीत होती आणि तिथलं प्रती काढायचं यंत्र एकच आठवडा मोकळं मिळणार होतं. म्हणून यांनी गाणी ध्वनिमुद्रित व्हायच्या आधीच माझी तीनशे पाकिटं छापली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुमडली, चिकटवली. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं : ड्रम – क्लेम हुडाक.

आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी क्लेम आलाच नाही. टेक्सासला तेलाच्या विहिरींवर माणसं घेताहेत असं त्याने ऐकलं होतं. भरती करणारा माणूस त्याच दिवशी क्लीव्हलंडला भेटणार होता. पोरगा गाव सोडायच्या गोष्टी करतोय हे कळलं असतं तर एमिल खचले असते. क्लेमने सकाळी बर्नीला तळघरात गाठलं.

‘‘माझ्याऐवजी तू जा. आणि पप्पांपाशी बोललीस तर याद राख.’’

गॅरेजात तिला बघून व्हिन्सचं तोंड वाकडं झालं. ‘‘ही? हिला काय येतं?’’

‘‘चार गाणी येतात,’’ बर्नी म्हणाली.

‘‘आपली आहेतच चार,’’ गिटारवाला म्हणाला, आणि विषय संपला.

माझ्यात जे ड्रम आहेत ते बर्नीचे आहेत. सोळा वर्षांच्या मुलीचे. पाकिटावर तेवढा क्लेम आहे.

दुसरी चूक माझ्या पोटावरच्या गोल कागदावर झाली. त्यावर व्हिन्सने जेवणाचा डबा काढला. तो इतका मोठा निघाला की मी मिनिटाला किती फेरे घ्यायचे हे लिहायला जागाच उरली नाही. मला घ्यायचे असतात पंचेचाळीस. एमिलच्या यंत्रावर मोठ्या पोल्का तबकड्या लागायच्या आणि त्याचा वेगाचा खटका कायम तेहतीसवर असायचा. त्यांनी मला कौतुकाने दोन्ही हातांत घेतलं, फुंकर मारली आणि तेहतीसवरच लावलं.

काय सांगू तुम्हाला! व्हिन्सचा आवाज सर्दी झालेल्या पाद्रीबाबासारखा निघाला. धावणारी गाणी चिखलातून चालू लागली. क्लेम हसू दाबायला बाहीचं टोक चावत होता. एमिल मात्र डोळे मिटून मान डोलवत होते.

‘‘ऐकलंस, बर्नी? तुझा भाऊ! काय भारदस्त ठोका आहे. मला वाटलं होतं नुसता धिंगाणा असेल,’’ असं म्हणून ते मोठ्याने हसले. कारखाना बंद पडल्यापासून असे ते हसलेच नव्हते.

बर्नीने क्लेमकडे पाहिलं. ‘‘सांगू?’’ तिने हळूच विचारलं.

‘‘राहू दे गं. किती दिवसांनी हसलेत.’’

तिने ते पोटात ठेवलं. खटकाही तेहतीसवरच राहिला.

माझ्या बहिणी टपालाने जगभर गेल्या. आमच्यासारख्यांना दुकानं दारात उभी करत नसत, आमचा सगळा संसार टपालावर. तिकिटांवर आधीच साबणाचा हात फिरवायचा, म्हणजे टपालाचा शिक्का साबणावर बसतो; तो धुतला की तिकीट पुन्हा चालतं. पाकिटात चिठ्ठी असायचीच : ‘तिकिटं परत पाठव.’ एकच तिकीट तीनदा समुद्र ओलांडून यायचं. हा उद्योग बर्नी सांभाळायची. फिनलंडहून पत्रं आली, ब्राझीलहून आली. बोस्टनच्या एका घरगुती, हाताने काढलेल्या मासिकाने लिहिलं, ‘अमेरिकेतला सर्वांत संथ आणि सर्वांत जड बँड.’ त्यांचाही खटका चुकला होता, हे उघडच आहे. साओ पाउलोच्या एका पोराने मात्र मोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘तुमच्या ड्रमवाल्याला हात किती आहेत?’ ते पत्र बर्नीने पायरीवर बसून दोनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं : ‘दोनच. क्लेम हुडाक.’

क्लेम टेक्सासला गेला. दुसऱ्या वसंतात तिथल्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून गेला.

पुढची माझी वर्षं अशी. बँड मोडला. मी पोल्काच्या थोराड तबकड्यांमध्ये अंग चोरून उभी राहिले. धूळ बसली, पाकिटाच्या कडा पिवळ्या पडल्या. वर्षातून एकदा, क्लेमच्या वाढदिवसाला, एमिल मला काढायचे, तेहतीसवर लावायचे आणि म्हणायचे, ‘‘हे माझ्या पोराचे हात.’’ तेवढा वेळ बर्नी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी असायची. ती आता शाळेची बस चालवत होती. लाल दिव्यापाशी थांबली की तिची बोटं चाकावर वाजायची, म्हणे. हे मला कसं कळलं? एमिलच सांगायचे, ‘‘बसमधली पोरं हसतात तुला.’’ ती नळ बंद करून बशा पुसायला घ्यायची. बोलायचं तर म्हाताऱ्याच्या हातून मेलेल्या मुलाचे हात काढून घ्यायचे. न बोलायचं तर स्वतःचे हात जन्मभर भावाच्या नावावर.

मग गेल्या वर्षी वॉरनचं पत्र आलं. वॉरन पिट्सबर्गचा पोस्टमन. सकाळी टपाल वाटायचं आणि बाकीचा दिवस विसरलेले बँड हुडकायचे, हा त्याचा छंद. माझी एक बहीण त्याला अदलाबदलीत मिळाली होती. तिच्यावरून त्याला आम्हाला नव्याने छापायचं होतं, पाकिटावर सगळ्यांची नावं नीट घालून.

तो शुक्रवारी दुपारी आला. चर्चमधल्या बायकांनी लाटलेले, बटाटा भरलेल्या करंज्यांसारखे पिरोगी टेबलावर होते, कांदा लोण्यात परतलेला होता. वॉरन खात कमी आणि विचारत जास्त होता. डबा कुणाचा काढलाय? साबण कुठला लावायचात? या गाण्यात मागे कुत्रं भुंकतंय ते कुणाचं? इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. माझ्या खाचा शहारल्या.

‘‘लिहून घ्या,’’ एमिल म्हणाले. ‘‘ड्रम, क्लेमंट हुडाक. स्पेलिंग चुकवू नका.’’

बर्नीने काटा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

एमिलनी मला लावलं. वॉरनने चारपाच ठोके ऐकले आणि तो चुळबुळला. ‘‘माफ करा हं, मिस्टर हुडाक, हिला पंचेचाळीसवर घ्यायला हवं.’’

‘‘राहू दे ना,’’ बर्नी पटकन म्हणाली. ‘‘त्यांना असंच आवडतं.’’

‘‘का राहू दे?’’ एमिल म्हणाले. ‘‘ऐंशी वर्षांचा झालो म्हणून काय नवं ऐकू नये? दाखव रे बाबा.’’

मित्रांनो, इथे जरा थांबून एवढं सांगते. आम्हा तबकड्यांना कडेने धरा, उन्हात टाकू नका, सुईवरची धूळ पुसा. आणि कधीही नाव न ऐकलेल्या कुणाची तबकडी हाती लागली, तर ती तिच्याच वेगाने एकदा ऐका. पाकिटावर लिहिलेलं वाचून उठू नका. कुणीतरी जीव ओतून वाजवलेलं असतं, आणि ते कोण हे विचारणारा माणूस तीस-तीस वर्षं येत नाही.

खटका पडला. मी गरकन फिरले. त्या घरात मी प्रथमच माझ्या पायांनी धावले. गाणी उधळली, व्हिन्स पोरगा झाला, आणि ड्रम असे कोसळले की टेबलावरच्या बशा किणकिणल्या. एमिलची मान डोलायची थांबली. त्यांचे म्हातारे हात गुडघ्यांवर हलू लागले. उजवा सावकाश, डावा दुप्पट. पोल्कातला तो जुना ठोका, इथे चौपट घाईत.

चार गाणी झाली. ‘‘पुन्हा लाव,’’ ते म्हणाले. वॉरनने पुन्हा लावलं. बर्नी नळाकडे गेली नाही.

‘‘हा क्लेम नाही,’’ एमिल म्हणाले.

वॉरनचं पेन हवेतच राहिलं. ‘‘पण पाकिटावर...’’

‘‘पाकीट राहू दे. डावा हात ऐक. एकावर दोन, एकावर दोन. हे शिकवून शिकवून मी थकलो, त्या बिचाऱ्याला जमलं नाही. हा हात माझा आहे. आणि मी तर तिथे नव्हतो.’’ ते खोलीभर बघत राहिले, हरवलेला चष्मा शोधावा तसे. ‘‘मग कोण होतं, बर्नी? हा हात कुणाकडे गेला?’’

बर्नी उठली आणि बापासमोर जमिनीवर बसली. त्यांच्या गुडघ्यांवरच्या हातांवर तिने आपले हात ठेवले. माझी सुई शेवटच्या खाचेत नुसतीच फिरत होती.

‘‘मी होते, पप्पा. सगळे ड्रम मी वाजवलेत.’’