गोल भिंतीचे कपाट

"आई, माझ्या घरच्या भिंती सरळ आहेत. सरळ! तिथे हे कपाट उभं कसं राहणार, सांग बरं," फेर्मीन म्हणाला आणि हातातली टेप सटकन मिटवली.

सासूबाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सरळ भिंतीचं काय कौतुक सांगतोस? सरळ तर कुणीही बांधतं."

माझ्या नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भिंती उभ्या करणे, त्यांना गिलावा करणे हाच त्याचा धंदा. ओळंबा कायम खिशात. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाचा एक खिसा फुगलेला दिसतो.

पण त्याचेही चुकत नव्हते. तो वाढला माद्रिदमधल्या या गोल मनोऱ्यात. काँक्रीटचे वाटोळे सज्जे एकावर एक रचलेले आणि आत एक भिंत सरळ असेल तर शपथ. जगभरातून लोक येतात, रस्त्यापलीकडे उभे राहून माना वर करून फोटो काढतात. सासूबाई इथल्या दारवानबाई. टपाल वाटायचे, जिने पुसायचे, कुणाची किल्ली हरवली की दुसरी काढून द्यायची. तळमजल्यावरचे त्यांचे घरही गोलच. शाळेत पहिल्यांदा बाईंनी फेर्मीनला कोपऱ्यात उभे केले तेव्हा तो उड्या मारत घरी आला होता म्हणे, "आई, शाळेत कोपरा आहे!"

"माझ्या घरात कोपराच नव्हता गं एन्कार्ना," सासूबाई मला नेहमी सांगत, "म्हणून याला शिस्त लागली नाही."

मोठा झाल्यावर त्याने माद्रिदजवळच्या आल्कोर्कोनमध्ये चांगले चौकोनी घर घेतले आणि शिस्त स्वतःच लावून घेतली.

आता सासूबाई निवृत्त होत होत्या. त्यांच्या जागी नवी बाई येणार नव्हती. आकडे दाबले की उघडणारे दार बसवायचे ठरले होते. नोकरीबरोबर घरही जाणार, म्हणून त्या आमच्याकडे राहायला येणार होत्या. सामान फार नव्हते. अडले होते ते फक्त कपाट.

ते माझ्या सासऱ्यांनी केलेले. ओनोरिओ सुतार होते. मनोरा नवा होता तेव्हा श्रीमंत मंडळी आजोबांच्या वेळची मोठाली कपाटे घेऊन राहायला आली आणि ती कपाटे भिंतीपासून फटकून उभी राहिली. मग रोज वरून हाक यायची, "ओनोरिओ, जरा वर या हो!" त्यांनी मजल्यामजल्यावर गोल पाठीचे फर्निचर करून दिले. स्वतःच्या घरचे कपाट सगळ्यात शेवटी केले, उरल्यासुरल्या लाकडाचे. एक दार अक्रोडाचे, दुसरे ओकचे, खण पाइनचे. खिळा एक नाही, सगळे खुंट्यांवर. पाठ मात्र अशी बाक दिलेली की भिंतीला चिकटूनच बसली.

लग्नाआधी मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा सासूबाईंनी मला खुर्ची दिली नाही, पत्त्यांतले एक पान हातात दिले. सोन्याचा राजा; आमच्या स्पॅनिश पत्त्यांत बदाम-इस्पिकऐवजी सोन्याची नाणी असतात, त्यातला. "सरकव बघू कपाटाच्या मागे," म्हणाल्या. मी डावीकडून सरकवून पाहिला, उजवीकडून सरकवून पाहिला. पान काही आत जाईना. ओनोरिओ खिडकीपाशी पाठमोरे उभे होते, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. येईल त्या पाहुण्याला ही परीक्षा द्यावीच लागे. सासरे गेले त्यानंतरही.

तर त्या दिवशी बटाटे सोलून होतात न होतात तोच सेन्योर लेआंद्रो आले. नवव्या मजल्यावर राहतात, रहिवाशांचे अध्यक्ष आहेत. माणूस भला. सासूबाईंनी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली.

"बेनिता, एक विनंती होती," ते चाचरत म्हणाले. "हे घर आम्ही आहे तसंच ठेवणार आहोत, बघायला येणाऱ्यांसाठी. वरच्या लोकांनी जुनं फर्निचर केव्हाच विकून टाकलं. ओनोरिओच्या हातचं एवढंच काय ते उरलंय. कपाट इथेच राहिलं तर? त्यांच्या नावाची पितळी पाटी लावू."

"बघ आई!" फेर्मीनचा जीव भांड्यात पडला. "बाबांचं नाव होईल, आणि तुझ्या खोलीतही ऐसपैस होईल."

सासूबाईंनी अक्रोडाच्या दारावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथेच होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "राहू दे."

घर सोडायच्या दिवशी त्यांनी कपाट तेल लावून पुसले, किल्ली दारालाच ठेवली आणि मागे न बघता गाडीत बसल्या. मला फार वाईट वाटले. फेर्मीन रस्ताभर रेडिओची बटणे फिरवत राहिला.

आमच्याकडे त्यांनी कसलीच तक्रार केली नाही. मला तेच खुपायचे. खोलीत पलंग मधोमध, खुर्चीही मधेच, भिंतीला टेकून काही नाही. एका दुपारी पाहिले तर त्या पलंगावर एकट्याच पत्ते मांडून बसलेल्या.

"अहो बेनिता, खोलीत काय कमी आहे? सांगा तरी."

"काही कमी नाही गं." त्यांनी पान उलटले. "चांगली खोली आहे. नुसती ताठ उभी आहे. तिकडे कसं, भिंत जरा कवेत घ्यायची. कपाट उघडलं की वाटायचं, हा इथेच आहे कुठेतरी, रंधा मारतोय."

दाराबाहेर फेर्मीन जेवणाचा डबा हातात घेऊन उभा होता. तो आत आला नाही.

शनिवारी मात्र त्याने प्लास्टरच्या पाट्या आणि लोखंडी पट्ट्या आणल्या आणि आईला माझ्या बहिणीकडे धाडले. पाट्या ओल्या फडक्याने भिजवून तो हळूहळू वाकवायला लागला. पहिली मोडली, दुसरीही मोडली. जन्मभर भिंतीचा बाक काढत आलेला माणूस बाक आणायला घामाघूम झाला होता.

"पाहुण्यांची खोली होती ही," मी चिडवले. "आता विहीर झाली."

"तू पाणी घाल. गप्प बस."

मग त्याने सेन्योर लेआंद्रोंना फोन लावला. मी जवळच होते.

"पण फेर्मीन, आपलं ठरलं होतं ना?" पलीकडून आवाज आला.

"तुमचं आणि आईचं ठरलं होतं. आईनं त्या इमारतीत आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही, सेन्योर लेआंद्रो. तेवढं माझ्याकडून ऐकून घ्या."

मग ते म्हणाले, "रविवारी ये. दार मी धरतो." आणि खरेच धरले.

रविवारी संध्याकाळी सासूबाई आल्या तेव्हा खोलीच्या एका बाजूला अर्धगोल भिंत उभी होती, अजून ओलसर, आणि तिच्या कुशीत कपाट. त्या दारातच थांबल्या. फेर्मीन हातावरचा चुना खरवडत जमिनीकडे बघत होता.

सासूबाईंनी पत्त्यांचा जोड काढला, त्यातून सोन्याचा राजा शोधला आणि कपाटाच्या उजव्या बाजूला लावला. पान आत गेले नाही. मग त्या डाव्या बाजूला गेल्या. मी त्यांच्या मागेच उभी होते. पान सुळकन आत शिरले, बोटांतून सुटले आणि मागे पडले. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चांगली बोटभर फट होती.

सासूबाईंनी रिकामी मूठ हळूच झग्याच्या खिशात घातली.

"जात नाही," त्या म्हणाल्या. "कुठूनच जात नाही. अगदी तुझ्या बाबांसारखं."

फेर्मीनचे कान लाल झाले. त्याच्या बापाचे व्हायचे तसेच.

जेवणानंतर आम्ही त्याच खोलीत पत्ते खेळायला बसलो. फेर्मीनने जोड पिसला, मोजला, पुन्हा मोजला. सासूबाई कॉफी ढवळत राहिल्या, साखर केव्हाच विरघळली होती. फेर्मीनने एकदा आईकडे पाहिले, एकदा कपाटाच्या डाव्या कडेकडे.

"राजा नाहीये," मी उगाच बोलून गेले.

"असू दे," तो म्हणाला. "त्याच्याशिवाय खेळू." आणि त्याने पाने वाटायला घेतली, पहिले आईला.