गाडीपाशी दिलेला शब्द

माझ्या स्वयंपाकाच्या गाडीपाशी राज्य माझं. धूळ उडवत घोडा चुलीजवळ आणलात तर पळी डोक्यात बसेल, मग तुम्ही साधे गुराखी असा नाहीतर अख्ख्या खोऱ्याचे मालक. आणि पिस्तूल लावून जेवायला बसायचं नाही. पट्टा सोडायचा, गाडीतल्या पेटीत टाकायचा, मग ताटलीला हात लावायचा. वायोमिंगात वसंत आला की सगळे मालक आपापली माणसं घेऊन एकत्र येतात, डोंगरात पांगलेली गुरं हाकून आणतात आणि नव्या वासरांना तापल्या लोखंडानं मालकाच्या खुणेचा डाग देतात. इतकी रांगडी माणसं एका चुलीवर जेवणार म्हणजे भांडणं आलीच. पिस्तुलं कमरेला राहिली असती तर मला घेवड्यापेक्षा थडग्यांचीच चिंता करावी लागली असती.

हा नियम हार्लन स्ट्राउडचा. खोऱ्यातला सगळ्यात मोठा मालक तो, आणि या मोहिमेचा कॅप्टनही तोच. वासरू कुणाचं यावरून तंटा झाला की कॅप्टन ते कुठल्या गाईमागं पळतंय ते बघतो, मालकाचं नाव सांगतो आणि विषय संपतो. शपथ नाही, वकील नाही, नुसता शब्द. ही गोष्ट घडली त्या दिवशी सकाळीच त्याच्या गुराख्यानं एक तांबडं वासरू डागायला ओढलं, तर हा लांबूनच ओरडला, "सोड ते! गॅरिटीबाईच्या गाईचं आहे." पोरं गेलेली, नवरा गेलेला ती बाई, तिचं एक वासरू लाटलं असतं तर कोण बोलणार होतं? पण नाही. गाडीपाशी हा माणूस खोटं बोलत नसे. आणि म्हणूनच मला त्याचा असा संताप यायचा की कॉफी कपात न ओतता त्याच्या डोक्यावर ओतावीशी वाटायची.

कारण याच माणसानं माझ्या पोराच्या गळ्यात फास अडकवला होता.

माझा एबेन. गावात नाच होता, फिन नावाचा बिचारा फिडल वाजवत होता. दमला, थांबला. स्ट्राउडच्या पोराला, व्हर्जिलला, आणखी नाचायचं होतं. 'नाही' हा शब्द त्या पोरानं जन्मात ऐकलेला नव्हता, त्यानं फिनला कोठारामागं नेलं आणि गोळी घातली. एबेननं ते पाहिलं. पळून जायचं सोडून हे माझं वेडं फिनच्या जखमेवर सदरा दाबून बसलं, आणि शेरीफनं रक्तानं माखलेल्या हातांनिशी त्यालाच उचललं. एबेननं कोर्टात सगळं सांगितलं. मग स्ट्राउड उठला, बायबलवर हात ठेवला आणि म्हणाला, "माझा मुलगा त्या रात्री तापानं फणफणत घरी पडला होता." झालं! स्ट्राउडपुढं स्वयंपाक्याच्या पोराला कोण विचारतो? शुक्रवारी फाशी ठरली.

तुम्ही म्हणाल, मग त्याच माणसाला रांधून कशाला घालत होतास? अहो, दुसरीकडं तो मला भेटणार कुठं? त्याच्या फाटकावर बंदुकवाले उभे. इथं निदान ताटली घेऊन माझ्यासमोर तरी यायचा. मी त्याच्यापुढं गुडघे टेकले, सगळ्यांदेखत टेकले. त्यानं मान फिरवली. तेव्हा मी लेम पाइकला निरोप धाडला.

लेमचं नाव ऐकून सीमेपर्यंतचे दारूचे गुत्ते गप्प व्हायचे. तरुणपणी आम्ही दोघं टेक्सासहून गुरं हाकत आणायचो. पुढं मी पळी धरली, त्यानं पिस्तूल धरलं. दुपारच्या जेवणाला तो आला तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण घोडा मात्र वाऱ्याच्या खालच्या अंगानं आणला त्यानं, चुलीवर धूळ येऊ नये म्हणून. रीत विसरला नव्हता.

"काय रे ओबी, तुझे पाव अजून दगडासारखेच का?"

"तुझ्या तोंडात दात राहिलेत का ते बघ आधी," मी म्हणालो. त्याला गाडीआड ओढलं. "लेम, तो बघ व्हर्जिल. लाल रुमालवाला. उडव त्याला."

"आणि मग?"

"मग काय! मेला म्हणजे संपलं."

"संपलं, खरं. एबेनही संपला." लेमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेलेला व्हर्जिल कोर्टात काय बोलणार आहे? तुला पोरगं परत हवंय की तुझा राग थंड करायचाय? काय ते आधी ठरव."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बरोबर बोलत होता ना मेला.

मग त्यानं कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्या हातात दिला. लेम पाइकचं पिस्तूल पेटीत पडलं तसं जेवणारे हात थांबले. ताटली घेऊन तो थेट स्ट्राउडसमोर जाऊन मांडी घालून बसला.

"मी लेम पाइक."

"माहीत आहे," स्ट्राउड म्हणाला. "गाडीपाशी आलेल्याला जेवण मिळतं. जेव आणि वाटेला लाग."

"लागतो की. व्हर्जिलला घेऊन."

व्हर्जिल खदखदून हसला. "बाबा, बघा तरी! म्हाताऱ्याला म्हणे मला न्यायचंय. ए आजोबा, घोड्यावर तरी धड चढता येतं का?"

"तू गप," स्ट्राउड म्हणाला. मग लेमकडं वळला. "इथं माझी चाळीस माणसं आहेत."

"मोजली मी येताना. चांगली पोरं आहेत." लेमनं पावाचा तुकडा घेवड्यात बुडवला. "मला माणसं नकोत, कॅप्टन. एक शब्द हवाय. फिन मेला त्या रात्री तुमचा मुलगा घरी होता?"

"कोर्टात सांगितलंय मी."

"कोर्टाचं मला काय करायचंय? तिथं येणारा जाणारा खोटं बोलतो. मी इथं विचारतोय. गाडीपाशी. वासराचं विचारतात तसं."

कुणीतरी कप खाली ठेवला. स्ट्राउडनं आजूबाजूला पाहिलं. सगळे मालक तिथंच बसलेले. त्यातले निम्मे त्या नाचाला होते. व्हर्जिलला त्यांनी नाचताना पाहिलं होतं आणि भीतीनं तोंडाला कुलूप लावलं होतं. आता तेही स्ट्राउडकडंच बघत होते. गॅरिटीबाईसुद्धा. तो आता 'होता' म्हणाला, तर संध्याकाळपासून या खोऱ्यात एकही वासरू त्याच्या शब्दावर डागलं जाणार नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"बाबा, सांगा ना," व्हर्जिल म्हणाला. "सांगून टाका आणि घालवा याला."

स्ट्राउडनं तोंड उघडलं. देवा, म्हटलं, हा बोलला की गेला माझा एबेन!

त्यानं तोंड मिटलं.

"बाबा?" व्हर्जिलचा आवाज पोरासारखा झाला. "तुम्ही म्हणाला होता, मी निस्तरतो."

"निस्तरलं," स्ट्राउड म्हणाला. "लहानपणी तू घोड्याचा डोळा फोडलास, ते निस्तरलं. एका मुलीचा हात मोडलास, ते निस्तरलं. निस्तरतच आलो मी." मग तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "माझा मुलगा घरी नव्हता. पहाटे आला. सदऱ्यावर रक्त होतं. तो सदरा मी माझ्या हातानं चुलीत घातला."

व्हर्जिल उठला तो गाडीकडं धावला. पेटीतलं हाताला लागलं ते पिस्तूल उपसलं, लेमचंच, आणि लेमवर रोखलं. मी कुऱ्हाड उचलली. हो, उचलली! एक घाव आणि माझी आग शांत झाली असती.

"ओबी, खाली ठेव ती," लेम मागं न बघता म्हणाला. ताटली त्याच्या मांडीवर तशीच होती. "आणि पोरा, तू झाड गोळी. पण नीट विचार कर. फिनच्या वेळी तू घरी होतास असं तुझा बाप म्हणू शकला. आता काय म्हणणार? सगळं खोरं इथं जेवायला बसलंय."

व्हर्जिलची नजर माणसामाणसावरून फिरली. त्याच्या बापाचा पगार खाणारी चाळीस पोरं, पण एकही जागचं हललं नाही. कॅप्टन बोलल्यावर कोण हलणार?

स्ट्राउड चालत पुढं आला. घाई नाही, आरडाओरडा नाही. लेम आणि पिस्तूल यांच्यामध्ये उभा राहिला, नळी त्याच्या छातीला टेकली. "दे इकडं," तो म्हणाला. व्हर्जिल रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, नाक वाहेपर्यंत रडला. स्ट्राउडनं त्याच्या बोटांतून पिस्तूल सोडवून घेतलं आणि माझ्याकडं दिलं.

"गाडीपाशी हत्यार उपसणाऱ्याला या मोहिमेत जागा नाही," तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा. "शेरीफकडं मी स्वतः नेतो. मलाही तिथं काम आहे. खोटी शपथ घेतलीय मी."

मी कुऱ्हाड ठेवली. "मालक, माझा एबेन..."

"तुझा मुलगा घरी येईल, ओबी."

मी आनंदानं ओरडायला हवं होतं. किती दिवस मी या माणसाला शिव्याशाप देत होतो, चुलीपाशी, अंथरुणात, देवासमोर. त्याचं वाटोळं व्हावं म्हणून नवस बोललो होतो. आणि आता ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, तर मला ते बघवेना.

वासरं बांधायचा दोर त्यानं मागितला. मी दिला. व्हर्जिलचे हात पुढं घेऊन त्यानं मनगटांवर दोर ठेवला, मग थांबला. स्वतःच्या गळ्यातला रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि दोराखाली नीट सरकवली, काचू नये म्हणून. मग गाठ मारली. पक्की मारली.

तीन घोडे उतारावरून निघाले. लेम पुढं, मागं बाप आणि लेक. ते दिसेनासे होईपर्यंत कुणी उठलं नाही.

शुक्रवारी एबेन आला. गावापासून चालत आला. मी त्याला मिठी मारली, शिव्या दिल्या, परत मिठी मारली, ताटली भरून दिली आणि हावरटासारखं खातो म्हणून पुन्हा शिव्या दिल्या. पाव मोडताना त्याच्या बाह्या वर सरकल्या. दोन्ही मनगटं बेड्यांनी सोलून निघाली होती, पार मांस दिसत होतं. मी डुकराची चरबी घेतली, त्याच्यासमोर बसलो आणि लावायला लागलो.

"बाबा, रडताय कशाला? सुटलो ना मी," एबेन म्हणाला.

"गप खा," मी म्हणालो. मला स्ट्राउडनं लेकाच्या दोराखाली सरकवलेला तो घडी घातलेला रुमाल दिसत होता.