रेखाबाबाच्या खाटा

बूढापारा वस्तीत, तलावाकाठी त्या सकाळी गर्दी इतकी, की एक म्हैस सरळ तलावात उतरली अन् बाहेर यायचं नावच घेईना. मधोमध रेखाबाबा. पांढऱ्या भुकटीचं कडं, कड्यात गूळ, बाहेर मुंग्यांची पलटण. मुंग्या रेघेपर्यंत यायच्या अन् मागं वळायच्या.

"बोलो जय! गोदावरीच्या अलीकडं लाल तोंडाचं माकड, पलीकडं डोक्यावर केसांची टोपीवालं. काहून? माझ्या गुरूनं रेघ ओढली! तीच रेघ तुमच्या घराभोवती. मण्यार साप काय, त्याचा बाप बी नाही येणार! फक्त जमिनीवर निजायचं. खाट-मच्छरदाणी अर्पण करा!"

अर्पणाच्या टेम्पोत तीस खाटा चढल्या होत्या. एकतिसावी चार वर्षांच्या ईराची. ती पाहून इंदूआत्या टेम्पोकडं धावली. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई. पावसाळ्यात मण्यार घरात शिरतो अन् जमिनीवर निजलेल्याला चावतो, हे तिला ठाऊक.

"माया, उतरव ती खाट!"

"आत्या, हरेलीच्या सणाले आपण बी भिंतीवर शेणाची रेघ ओढतोच न?" ईराची आई, आत्याची भाचसून माया म्हणाली. "अन् मुंग्या दिसून नाही राहिल्या का तुम्हाले?"

"हरेलीच्या रेघेनं कोणाची खाट नाही नेली, पोरी."

आत्या पुढं घुसली. "काहो बाबा, कावळे दोन्ही काठांवर कसे? त्यांले मंत्र ऐकू येत नाही काय? माकडाले रुंद पाणी ओलांडणं जड जाते, म्हणून दोन जाती दोन काठांवर राहिल्या. आता लाल तोंडाचे पुलावरून, ट्रकवर बसून पलीकडं चालले. तुमचा गुरू निजला काय?"

"माताजी, रेघ मुंगीले विचारा!"

"विचारते. मंत्र तोच म्हणा, पण भुकटी नको. धुळीत बोटानं ओढा."

बाबानं ओढली. मुंग्यांनी रेघ ओलांडली, गूळ गाठला अन् उरलेल्या बाबाच्या धोतरात चढल्या.

किराणावाला भैय्यालाल भुकटीच्या वाटीत वाकला. "अरे दीदी, ये तो मुंग्या मारायचा खडू! परवा बाबा पूरा डिब्बा ले गए मेरी दुकान से!"

"मुंगीचं औषध सापाले काय अडवणार?" आत्या म्हणाली.

माया टेम्पोवाल्याकडं वळली. "भैया, बाबा कशावर निजतात?"

"खाट पर, दीदी. मच्छरदानी लगाके."

मायानं ईराची खाट एकटीनं खाली ओढली. बाबा तलावाकडं असा धावला, की त्याला पाहून म्हैस बाहेर आली.

तर मंडळी, माकडाला पाणी अडवतं, मंत्र नाही. मण्यारापासून वाचायचं तर उंच खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. तरीही चावलाच, तर थेट दवाखाना गाठा.