परधानचा खोकला

बैल वारला आणि पहिल्या मजल्यावरचं इंटरनेट सुरळीत झालं. कंपनीच्या ॲपवर तक्रारीपुढे हिरवी खूण आली, भावेशला पाच तारे मिळाले. पण हे काही झालेलंच नाही असं धरून चालू. मंगळवारी बैल व्यवस्थित खोकत होता.

मंगळवारी भावेश दक्षता राणेंच्या हॉलमध्ये तिसऱ्यांदा उभा होता. घरोघरी फिरून वाय-फाय नीट करणं हे त्याचं काम. त्याने राउटर बदलला होता, वायर बदलली होती आणि आणखी काही सुचेना म्हणून राउटरवरचा गणपतीचा स्टिकर सरळ केला होता.

"दादा, उद्या अकराला माझा रिव्ह्यू कॉल आहे," दक्षता म्हणाली. "प्रोबेशनवर आहे मी. परत अडकलं ना, तर घरी बसावं लागेल."

"आतापण घरीच बसता ना, मॅडम?"

"पगार घेऊन बसते."

भावेशचंही तेच होतं. एका घरी चौथी फेरी पडली की कंपनी आयडी बंद करते.

लॅपटॉपवर दक्षताचा साहेब बोलत होता. बोलता बोलता तो तोंड उघडं ठेवून थिजला. त्याच क्षणी खालून खोकला आला. खोकला थांबला, साहेबाने तोंड मिटलं. पुन्हा खोकला. साहेब पुन्हा थिजला.

"खाली कोण खोकतंय?"

"परधान."

"औषध द्या ना कोणीतरी त्यांना."

"बैल आहे तो."

दिवा गावातली ही बिल्डिंग दाजी मढवींच्या भातशेतीवर उभी होती. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना चौथ्या मजल्यावर फ्लॅट आणि खाली पार्किंग नंबर सात दिलं. दाजींकडे गाडी नव्हती. बैल होता. त्यांनी तो लावला. बैल हे वाहन आहे की नाही, यावर सोसायटीच्या तीन सभा झाल्या. महादेवाचा मुद्दा निघाला आणि तिन्ही तहकूब झाल्या.

परधानच्या डोक्यावर खांबाला एक पांढरी डबी बांधलेली होती. बाळ रडलं तर दुसऱ्या खोलीत ऐकू यावं म्हणून मिळतं ते यंत्र. आवाज झाला की ते हवेतून वर पाठवायचं. वाय-फायची वाटही तीच. मध्ये एक स्लॅब, वर दक्षताचा राउटर. भावेशने राउटरचा चॅनल बदलून पाहिला. खोकला तिथेही पोचला.

भावेश चौथ्या मजल्यावर गेला. डबीचा जोडीदार टीव्हीशेजारी होता; त्याचं बटण दाबलं की खालची डबीही बंद व्हायची. खोकला आला की त्याचे लाल दिवे चढायचे. समोर खुर्चीत दाजी बसलेले.

"नातवाच्या वेलचा हाय," दाजी म्हणाले. "नातू पुन्याला जेला. मंग परधानला बांदला."

"दिवसभर खोकला ऐकता?"

"खोकतं तवर बरा हाय. गप झाला क मना उतराला पायजे."

भावेशने सगळं समजावलं. दाजींनी ते पाऊसपाण्याची बातमी ऐकावी तसं ऐकलं.

"बाईचा नुसकान झाला कं?"

"नाय ओ. नेट बंद होतं तेवढा टाइम कंपनी परत देते. अर्ज टाकायचा."

"परत देतं?"

"नियम आहे. दिलेला मी बघितलेला नाय."

दाजी दिव्यांकडे बघत राहिले. "उद्या कवा हाय बाईचा?"

"अकरा ते बारा. एकच तास बंद ठेवा, दाजी. पायजे तर मी खाली थांबतो."

"तू वर थांब. तुजा काम वर हाय."

बुधवारी अकराला दाजींनी बटण दाबलं. दक्षताने आवाज नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. भावेश ॲपवर फेरी न नोंदवता राउटरजवळ उभा राहिला. साहेब एकदाही थिजला नाही. बाराला त्याने दक्षताला कायम केलं.

बाराला दाजींनी पुन्हा बटण दाबलं. दिवे चढले नाहीत. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी ते दोनदा आपटलं. मग लिफ्टने खाली आले.

भावेश आला तेव्हा ते परधानच्या मानेवरून हात फिरवत बसले होते. दक्षता पेढा घेऊन मागोमाग उतरली. तिने पेढा ओढणीत घेतला आणि तशीच उभी राहिली.

"अजून गरम हाय," दाजी म्हणाले.



संध्याकाळी पालिकेची गाडी आली. लावायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून सात नंबरलाच रिव्हर्समध्ये लागली. तिथे लागलेलं पहिलं वाहन. ती गेल्यावर दाजींनी जमिनीवरचा पेंढा एका बाजूला केला.

"पोरा, तुजे कंपनीत अर्ज टाकतान ना?"

"तुमचं कनेक्शन नाय, दाजी."

"माजा पन एक तास बंद व्हता. लिव."

भावेशने मोबाईल काढला. ॲपमध्ये शेऱ्यासाठी एक चौकोन होता. दाजी बोलले, त्याने ते शाळेत शिकवतात तसं करून लिहिलं:

"माननीय महोदय, वरील तक्रारीच्या कामी दिनांक बुधवार, सकाळी अकरा ते बारा या वेळेत अर्जदाराचे यंत्र बंद ठेवण्यात आले होते. तरी सदर एक तास नियमानुसार परत मिळावा. त्या वेळेत यंत्र चालू ठेवण्यात येईल व इंटरनेटला होणाऱ्या अडथळ्याची सर्व जबाबदारी अर्जदाराची राहील, ही नम्र विनंती."